सेसिल गॉयडर: हिंदुस्थानाच्या रेडिओची लघुलहर आणि मध्यभागी असूनही केंद्राविना राहिलेले नागपूर

सीताबर्डीकर (धागाकर्ता):

माझ्या वडिलांचे सीताबर्डीत रेडिओ दुरुस्तीचे छोटे दुकान होते. त्या दुकानातला एक संच मी अजून जपून ठेवला आहे. लाकडी पेटी, पुढे कापडी जाळी, वर केंद्र नीट लागल्याचे दाखवणारा हिरवा डोळा आणि मधोमध काचेची डायल. त्या काचेवर शहरांची नावे छापलेली आहेत: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लाहोर, लखनौ, ढाका, त्रिचनापल्ली. नागपूर नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी असलेल्या शहराचे नाव त्या काचेवर का नसावे, हा प्रश्न मी शाळकरी वयात वडिलांना विचारला होता. त्यांनी दिलेल्या उत्तरात एका इंग्रज अभियंत्याचे नाव आले. पुढे तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना ते नाव मला वारंवार भेटत राहिले, पण आपल्या भाषेत त्या माणसाविषयी सलग लिहिलेले काही माझ्या वाचनात आले नाही. म्हणून हा धागा.

त्यांचे नाव सेसिल गॉयडर. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत ते ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता होते. मात्र त्यांची गोष्ट दिल्लीत सुरू होत नाही. ती लंडनच्या उत्तरेकडील मिल हिल नावाच्या शाळेत सुरू होते.

१९२४ साली गॉयडर अठरा वर्षांचे होते आणि त्या शाळेत २एसझेड या संकेतनामाने हौशी रेडिओ केंद्र चालवीत होते. त्याच वेळी पृथ्वीच्या जवळजवळ बरोबर उलट्या टोकाला, न्यूझीलंडच्या ओटागो भागातील शॅग व्हॅलीत, मेंढ्यांच्या कुरणावर राहणारा फ्रँक बेल हा तरुण ४एए या संकेतनामाने असेच केंद्र चालवीत होता. पहिल्या महायुद्धातून तो आजारी होऊन घरी परतलेला होता. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी या दोघांनी मोर्सच्या ठिपक्या-रेघांतून एकमेकांशी दुतर्फा संभाषण केले. ब्रिटन आणि न्यूझीलंड यांच्यातले ते पहिले दुतर्फा रेडिओ संभाषण होते आणि अंतर होते अठरा हजार किलोमीटरांहून अधिक. पृथ्वीच्या पाठीवर दोन माणसांना एकमेकांपासून याहून फारसे दूर जाताच येत नाही.

या घटनेचे खरे मोल समजायचे असेल तर त्या काळी तज्ज्ञांची समजूत काय होती हे पाहावे लागते. जितकी तरंगलांबी मोठी तितका संदेश दूर जातो, असे तेव्हा मानले जाई. त्यामुळे मोठ्या कंपन्या आणि सरकारे हजारो मीटर लांबीच्या लहरींवर अवाढव्य यंत्रे उभारीत होती. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटरांच्या खालच्या लहरींवर ढकलून देण्यात आले, कारण त्या लहरी कोणाच्याच उपयोगाच्या नाहीत असे वाटत होते. त्याच टाकाऊ ठरवलेल्या लहरींवर नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांच्यातील हौशी मंडळी अटलांटिक ओलांडून बोलली, आणि पुढच्या वर्षी गॉयडर आणि बेल यांनी उरलेली पृथ्वी ओलांडली.

आता तारखांकडे लक्ष द्या. आकाशात रेडिओलहरी परतवणारा विद्युतभारित थर असावा, असे केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ सालीच सुचवले होते. परंतु तो थर खरोखर आहे, याचा थेट पुरावा एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राच्या लहरी वापरून मिळवला तो डिसेंबर १९२४ मध्ये. शाळकरी गॉयडरचा संदेश त्या थरावर आपटून, पुन्हा जमिनीवर येऊन, पुन्हा वर जाऊन न्यूझीलंडला पोहोचला तेव्हा त्या थराचे अस्तित्व सिद्ध व्हायला अजून सुमारे दोन महिने होते. ॲपलटन यांना पुढे १९४७ चे नोबेल मिळाले आणि ते योग्यच होते. तरीही हाताने गुंडाळलेल्या कॉइली घेऊन बसलेल्या त्या मुलाकडे मी नेहमी अधिक ओढीने पाहतो.

याच मुलाच्या हाती बारा वर्षांनी हिंदुस्थानासारख्या खंडप्राय देशाच्या रेडिओची तांत्रिक धुरा आली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत आणि त्यानंतर महिनाभराने कलकत्त्यात एका खासगी कंपनीने सुरू केलेली केंद्रे केवळ दीड किलोवॅटची होती. ती कंपनी १९३० च्या मार्चमध्ये बुडाली आणि केंद्रे सरकारकडे आली. ऑगस्ट १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन नियंत्रक म्हणून आले, १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव ठरले. बीबीसीच्या संशोधन विभागाचे कर्क यांनी १९३६ च्या सुरुवातीला देशाची पाहणी केली आणि त्याच वर्षी गॉयडर मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले.

त्यांच्यापुढचा प्रश्न कठीण होता. मध्यम लहरींचे (साधारण दोनशे ते साडेपाचशे मीटर लांबीच्या) पाच किलोवॅटचे केंद्र दिवसा फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या परिसराला नीट ऐकू येते, कारण दिवसा त्याचा आधार जमिनीलगत सरकणारी लहर हाच असतो आणि ती लहर कोरड्या, खडकाळ जमिनीत लवकर जिरते. अशा केंद्रांनी सगळा देश झाकायचा तर शेकडो केंद्रे लागली असती आणि पैसा मोजकाच होता. युरोपात वापरतात तशी दीर्घलहर येथे चालणारी नव्हती, कारण उष्ण कटिबंधातल्या मेघगर्जनांची खरखर दीर्घलहरींवर सर्वांत जास्त असते. मृगाच्या पावसात साध्या मध्यम लहरींवर काय ऐकू येते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गॉयडर यांनी लघुलहरींचा, म्हणजे एकेकाळी टाकाऊ ठरवलेल्या त्याच आखूड लहरींचा, आग्रह धरला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणी लघुलहरींचे प्रक्षेपक उभारावेत, म्हणजे आवाज थोडा वरखाली झाला तरी देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात काहीतरी ऐकू येईल, आणि त्या जोडीला निवडक शहरांत मध्यम लहरींची केंद्रे असावीत, अशी ती योजना होती. ती कागदावर राहिली नाही. १९३७ च्या डिसेंबरात दिल्लीची लघुलहर आणि लाहोरचे केंद्र, १९३८ च्या फेब्रुवारीत मुंबईची लघुलहर, एप्रिलमध्ये लखनौ, जूनमध्ये मद्रास, ऑगस्टमध्ये कलकत्त्याची लघुलहर, १९३९ च्या मे महिन्यात त्रिचनापल्ली आणि डिसेंबरात ढाका. दोन वर्षांत इतके काम, तेही दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आणि बहुतेक यंत्रसामग्री समुद्रापलीकडून मागवून. ज्याने एखादा दहा वॅटचा प्रक्षेपक तरी स्वतः उभा केला असेल, त्याला या वेगाची किंमत कळेल.

आणि नागपूर? या यादीत नागपूर नाही. डायलवर नाव का नाही, याचे उत्तर तेथे आहे. नागपूरचे केंद्र सुरू झाले १६ जुलै १९४८ रोजी.

---

गोंडवन:

काका, लेख अतिशय आवडला, पण शेवटी मनाला लागले. लाहोर, लखनौ, ढाका, त्रिचनापल्ली येथे केंद्र होते आणि एका प्रांताच्या राजधानीत नव्हते, हा विदर्भावरील अन्यायच म्हणायला हवा. मराठी ऐकायची तर मुंबईकडे कान लावून बसायचे, ही सवय आपल्याला तेव्हापासून लागली असावी. या अभियंत्याने नकाशा समोर ठेवला असेल तेव्हा देशाच्या मध्यभागी असलेले हे शहर त्याला दिसले नसेल का?

---

सीताबर्डीकर:

गोंडवन, तुमची खंत मला परकी नाही. वडीलही असेच म्हणत. पण अभियंत्याच्या नजरेने नकाशा पाहिला तर एक वेगळी गोष्ट दिसते. नागपूरपासून सरळ रेषेत मुंबई साधारण ६९० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९७० किलोमीटर आहे. म्हणजे चारही लघुलहरी केंद्रांपासून आपण सातशे ते हजार किलोमीटरांच्या पट्ट्यात येतो, आणि लघुलहरींची एक उडी उतरायला हे अंतर उत्तम असते.

लघुलहर केंद्रातून वर जाते, आयनांबरावरून, म्हणजे लेखात सांगितलेल्या त्या विद्युतभारित थरावरून, परतते आणि काही अंतरावर जमिनीवर उतरते. केंद्राजवळची जमिनीलगतची लहर संपते तेथपासून आकाशातून परतलेली लहर उतरते तेथपर्यंत मध्ये एक मुका पट्टा राहतो, आणि वारंवारता जितकी जास्त, म्हणजे लहर जितकी आखूड, तितका तो पट्टा रुंद. त्यामुळे दिल्लीची लघुलहर दिल्लीच्या आसपासच्या गावात नीट ऐकू येत नसे, ती नागपुरात मात्र ठणठणीत यायची. माझ्या लहानपणी दुकानात संच दुरुस्त झाला की वडील संध्याकाळी एकामागून एक चारही शहरे लावून पाहत. चारही लागली तरच ते गिऱ्हाइकाला निरोप पाठवत. मुंबईच्या मेकॅनिकला ही चाचणी करता आली नसती, कारण मुंबईची लघुलहर त्याच्या डोक्यावरून जात असे.

म्हणून मी याला दुर्लक्ष म्हणत नाही. त्या योजनेत नागपूर हे ऐकणारे शहर होते, बोलणारे नव्हते. यातही उणीव आहेच आणि ती मोठी आहे. चार शहरांचे ऐकता येणे ही काही आपल्या माणसाने आपल्या बोलीत बोलण्याची भरपाई होत नाही.

---

वर्धाकाठ:

आदरणीय सीताबर्डीकर, आपण गॉयडर यांच्या कौशल्याविषयी लिहिलेले मान्य आहे. मात्र ते ज्या सरकारचे नोकर होते त्याचा उल्लेख झाल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली आणि ऑल इंडिया रेडिओवर केवळ सरकारी बाजू येऊ लागली. त्या वेळी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्यांचे पहिले प्रक्षेपण २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर झाले आणि १२ नोव्हेंबरला त्यांना अटक होईपर्यंत जागा बदलत बदलत तो आवाज चालू राहिला. ही मंडळी सरकारी रेडिओला अँटी इंडिया रेडिओ म्हणत. चिमूर आणि आष्टीच्या १९४२ च्या उठावाचा इतिहास ज्या जिल्ह्यांत घडला तेथील आम्हा मंडळींना, त्या यंत्रणेच्या मुख्य अभियंत्याचे गुणगान वाचताना थोडे थांबावेसे वाटते.

---

सीताबर्डीकर:

वर्धाकाठ, तुम्ही हे लिहिले याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात मी हे टाळायला नको होते.

तुमच्याच मजकुरातील एका आकड्याकडे लक्ष वेधतो: ४२.३४ मीटर. ही लघुलहर आहे. काँग्रेस रेडिओने मध्यम लहर निवडली असती तर मुंबई आणि आसपासच्या परिसरापलीकडे दिवसा काही पोहोचले नसते. लघुलहर निवडल्यामुळे लहानशा प्रक्षेपकाचा आवाज दूरवर जाऊ शकला, आणि तो ऐकायला, ज्या थोड्या घरांत संच होते त्या संचांत लघुलहरींचे पट्टे होते. ते पट्टे का होते? कारण त्याआधीच्या चार-पाच वर्षांत देशभराचे प्रक्षेपण लघुलहरींवर उभे राहिले होते आणि निव्वळ मध्यम लहरींचा संच घेऊन मोठ्या शहरांबाहेरच्या माणसाला फारसा उपयोग नव्हता. सरकारी योजनेने त्या घरांत ठेवलेल्या खिडकीतून उषाताईंचा आवाज आत आला. याचे श्रेय मी गॉयडर यांना देत नाही, ते उषाताईंचे आणि त्यांच्या साथीदारांचे आहे. पण एकदा लघुलहर लोकांच्या हाती गेली की तिच्यावर कोणी काय बोलावे हे कोणत्याही मुख्य अभियंत्याच्या हातात राहत नाही, इतके मी खात्रीने म्हणेन.

त्यांनी सरकारची नोकरी केली, हे खरेच आहे. त्यांच्या कामाचे मोजमाप करताना मी दोन्ही गोष्टी एका पानावर ठेवू इच्छितो.

---

हॅमहौशी:

मी हौशी रेडिओचा परवानाधारक आहे. गॉयडर आणि बेल यांचा तो संपर्क आम्हा मंडळींसाठी कुलदैवताच्या जागी आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट बेल यांच्या घरातली आहे. फ्रँक यांच्यानंतर त्यांची बहीण ब्रेंडा बेल हिने ते केंद्र चालवले आणि न्यूझीलंडमधील पहिली महिला हौशी रेडिओचालक म्हणून तिचे नाव झाले. १९२४ च्या त्या रात्रीविषयी बोलताना तिचा विसर पडू नये.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. काकांनी दिलेले मुक्या पट्ट्याचे वर्णन अचूक आहे, पण देशांतर्गत प्रक्षेपणाला हा पट्टा घातक ठरतो. त्यावरचा उपाय म्हणजे वारंवारता कमी ठेवायची आणि आडव्या तारांची एरियल अशा उंचीवर बांधायची की लहर जवळजवळ सरळ वर जावी आणि छत्रीसारखी सभोवार परत यावी. उष्ण कटिबंधातील देशांसाठी ६०, ९० आणि १२० मीटरचे खास पट्टे १९३८ च्या कैरो परिषदेत राखून ठेवले गेले ते याच कारणाने. मेघगर्जनांच्या खरखरीपासून दूर जाण्याइतके वर आणि मुका पट्टा टाळण्याइतके खाली, असे ते मधले स्थान आहे. साठ मीटरच्या पट्ट्यावर संध्याकाळी आपल्याकडची एकामागून एक केंद्रे लागायची, तो काळ मी पाहिला आहे.

---

अंबाझरी:

आमच्या घरी वडिलांनी तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधली होती, आणि अर्थिंगची तार अंगणात कोळसा व मीठ भरलेल्या खड्ड्यात सोडली होती. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी घालणे हे माझे काम. पाणी घातले नाही की रात्री रेडिओ सिलोन नीट लागत नसे आणि घरात सर्वांत आधी माझ्याकडे पाहिले जाई. त्या पाण्याने खरोखर फरक पडत होता, की ती आमची समजूत होती?

---

सीताबर्डीकर:

अंबाझरी, फरक पडत होता. आपल्याकडे मे महिन्यात काळी माती भेगाळते आणि इतकी कोरडी होते की तिच्यातून वीज सहज वाहत नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या संचात एरियल आणि अर्थ या दोन टोकांमध्ये जो अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो त्यावर सगळा खेळ चालतो. अर्थचा रोध वाढला की येणारा संकेत क्षीण होतो आणि घरातल्या विजेची गुणगुण वाढते. मीठ ओल धरते, कोळसा मातीशी असलेला संपर्क वाढवतो आणि पाणी दोघांना जिवंत ठेवते. तुम्ही तांब्याभर पाण्याने जे करत होता, तेच मध्यम लहरींच्या केंद्रावर मोठ्या प्रमाणात करतात. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चोहीकडे, चाकाच्या आऱ्यांसारख्या, शंभराहून अधिक तांब्याच्या तारा जमिनीत पुरलेल्या असतात. लोकांना उंच मनोरा दिसतो, पण मनोऱ्याइतकेच काम ती पुरलेली चटई करते.

---

नवी श्रोती:

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि प्रथमच येथे लिहीत आहे. सरांना एक प्रश्न विचारायचा आहे. नागपूरजवळ बुटीबोरीला एक हजार किलोवॅटचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक होता असे वाचले. मध्यम लहर दूर जात नाही म्हणून गॉयडर यांनी लघुलहर निवडली असेल, तर मग पन्नास वर्षांनी पुन्हा मध्यम लहरीवर एवढी प्रचंड शक्ती का लावली? आणि त्यासाठी नागपूरच का?

---

सीताबर्डीकर:

ताई, या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न तुमचा आहे.

मध्यम लहर दूर जात नाही हे दिवसाचे सत्य आहे. आयनांबराचा सर्वांत खालचा थर, ज्याला डी थर म्हणतात, सूर्यप्रकाशामुळे तयार होतो आणि मध्यम लहरींना शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, आणि मग वरच्या थरांवरून मध्यम लहरही परतू लागते. म्हणून रात्री तुमच्या रेडिओवर दूरदूरची केंद्रे एकमेकांवर चढून बोलू लागतात. आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा १८ मे १९८८ रोजी सुरू झाली आणि ती मुख्यतः रात्रीची सेवा होती. नागपूरच्या प्रक्षेपकाची वारंवारता १५६६ किलोहर्ट्झ होती, म्हणजे साधारण १९१.६ मीटर.

आता नागपूरच का, ते पाहू. येथून श्रीनगर सरळ रेषेत साधारण १५०० किलोमीटर आहे आणि कन्याकुमारी साधारण १४५०. देशाची उत्तर आणि दक्षिण टोके आपल्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत. शहरात ब्रिटिशांच्या सर्वेक्षणाचा शून्य मैलाचा दगड आहे, त्याचे आपल्याला फार कौतुक असते आणि ते योग्यच आहे. पण एका केंद्रावरून रात्री सगळ्या देशाशी बोलायचे असेल तर ते केंद्र कोठे असावे, या प्रश्नाला भूगोल आणि आयनांबर मिळून जे उत्तर देतात, ते मला त्या दगडाहून अधिक महत्त्वाचे वाटते. १९३७-३८ च्या योजनेत चारही बाजूंचे ऐकणारे हे शहर पन्नास वर्षांनी चारही बाजूंना बोलणारे झाले, आणि कारण दोन्ही वेळा तेच होते: मधले स्थान.

मी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा अशा एका उच्चशक्तीच्या केंद्रावर गेलो होतो. तेथील अभियंत्याने हातात साधी ट्यूबलाइट घेतली, तिला कोणतीही तार जोडलेली नव्हती, आणि प्रक्षेपकाकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या वाहिनीपासून सुरक्षित अंतरावर तो उभा राहिला. ट्यूब उजळली. आत निवेदक बोलत होता तसतशी ती किंचित कमी-जास्त होत होती. मी वीस वर्षे वर्गात फळ्यावर काढून दाखवलेले विद्युतचुंबकीय क्षेत्र त्या दिवशी मुलांनी डोळ्यांनी पाहिले. एक मुलगी किती तरी वेळ त्या ट्यूबकडे पाहत तिथेच उभी राहिली. ती आज याच क्षेत्रात काम करते.

---

गोंडवन:

काका, पहिल्या प्रतिसादातली माझी तक्रार मी पूर्ण मागे घेत नाही, पण तिची धार कमी झाली आहे. एक विचारू का? दूरदर्शनच्या बाबतीत ही लघुलहरींची युक्ती का चालली नाही? सेमिनरी हिल्सवर मनोरा उभा राहीपर्यंत आपल्याला चित्र का दिसत नव्हते?

---

सीताबर्डीकर:

कारण चित्राला जागा फार लागते. मध्यम लहरींच्या दोन केंद्रांमध्ये आज ९ किलोहर्ट्झचे अंतर असते आणि आवाज त्यात मावतो. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या दूरदर्शनला एका वाहिनीसाठी ७ मेगाहर्ट्झ लागत, म्हणजे जवळजवळ पावणेआठशे पट. सगळा मध्यम लहरींचा पट्टा दिला तरी एक चित्र मावणार नाही. म्हणून चित्र फार वरच्या वारंवारतांवर न्यावे लागते, आणि त्या लहरींना आयनांबर परतवत नाही, त्या आरपार निघून जातात. उरते ती नजरेची सरळ रेषा. दीडशे मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सपाट प्रदेशात ती रेषा सुमारे पन्नास किलोमीटरपर्यंत पोहोचते, म्हणून मनोरे टेकड्यांवर बांधतात.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात झाली तेव्हा हीच अडचण होती, आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह-दूरदर्शनच्या प्रयोगात उपग्रहावरून थेट सहा राज्यांतील २४०० गावांत चित्र पोहोचवले गेले. तो प्रयोग राबवण्यात आपल्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. गॉयडर यांच्यापुढे होता तोच प्रश्न त्यांच्यापुढेही होता: मोठा देश, थोडा पैसा, आणि दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचायचे. गॉयडर यांनी निसर्गाने आकाशात ठेवलेला थर वापरला, आणि चिटणीसांच्या पिढीने परतवणारी वस्तू स्वतः आकाशात नेऊन ठेवली.

---

वर्धाकाठ:

ही तुलना पटली. आता एका आकड्याची नोंद करतो. स्वातंत्र्याच्या वेळी फाळणीनंतर आपल्याकडे सहा केंद्रे आणि अठरा प्रक्षेपक राहिले आणि त्यांची व्याप्ती देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकसंख्येवर होती, असे आकाशवाणी स्वतःच सांगत आली आहे. गॉयडर यांची योजना यशस्वी होती असे म्हणताना हा आकडा कसा बसवायचा?

---

सीताबर्डीकर:

योग्य प्रश्न आहे. अडीच टक्के ही व्याप्ती स्वच्छ, रोज, खात्रीने ऐकू येणाऱ्या प्रक्षेपणाची आहे. लघुलहर त्यापलीकडे पोहोचत होती, पण ती खात्रीची सेवा नव्हती. ऋतू बदलला की पट्टा बदलायचा, संध्याकाळी आवाज यायचा आणि जायचा, आणि लघुलहरींचा चांगला संच सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेर होता. योजनेची ही उणीव मी लपवणार नाही. आवाज आकाशातून सगळ्या देशावर उतरत होता आणि खाली तो झेलायला संचच नव्हते. ही उणीव भरून निघाली ती ट्रान्झिस्टर आल्यावर, म्हणजे गॉयडर येथून गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

तरीही ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ आठवा. गांधीजींची हत्या झाली आणि पंडित नेहरू आकाशवाणीवरून देशाशी बोलले. नागपूरला स्वतःचे केंद्र नव्हते. ते यायला अजून साडेपाच महिने होते. वडील सांगत की त्या संध्याकाळी त्यांनी दुकानातला हा संच बाहेर फळीवर आणून ठेवला, एरियलची तार समोरच्या कडुनिंबावर टाकली आणि सगळी गल्ली उभी राहून ऐकत होती. आवाज मधूनच खोल जायचा आणि परत यायचा. खोल गेला की कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नसे. नागपुरात त्या रात्री ज्यांनी ज्यांनी ते शब्द रेडिओवर ऐकले, त्यांनी ते दूरच्या केंद्रावरूनच ऐकले.

---

नवी श्रोती:

सर, तो संच अजून चालतो का? आणि डायलवर नागपूर नाही असे आपण लिहिले, तर पुढे नागपूरचे केंद्र लावताना आपले वडील ते कसे शोधत?

---

सीताबर्डीकर:

चालतो. दोन व्हॉल्व्ह आणि फिल्टरचे कंडेन्सर मी बदलले आहेत, डायलची दोरी तीन वेळा नव्याने ओवली आहे, बाकी सगळे मूळचे आहे. हिरवा डोळा मात्र आता फार मंद झाला आहे, अंधार केला तरच दिसतो.

काचेवर वडिलांनी एनॅमल रंगाने, एका केसाच्या कुंचल्याने, बारीक पांढरी रेघ काढली आहे आणि तिच्याशेजारी फक्त ‘ना’ असे अक्षर लिहिले आहे. मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या कमी वारंवारतेच्या टोकाकडे ती रेघ आहे. आज ५८५ किलोहर्ट्झला काटा त्या रेघेला जवळजवळ टेकतो. ‘५१२.८ मीटर अर्थात ५८५ किलोहर्ट्झ’ ही उद्घोषणा ज्यांच्या कानात आहे त्यांना ती जागा लगेच कळेल. मेकॅनिक लोक दुरुस्तीची तारीख मागच्या पुठ्ठ्यावर आतून पेन्सिलीने लिहून ठेवतात. या संचाच्या पुठ्ठ्यावर तशा अकरा तारखा आहेत आणि प्रत्येकीपुढे काय बदलले ते लिहिले आहे: कॉइल, गँग साफ, आउटपुट व्हॉल्व्ह. एका तारखेपुढे मात्र दुरुस्ती लिहिलेली नाही. तेथे ‘१६-७-४८’ असे आहे आणि पुढे वडिलांच्या अक्षरात ‘घरचे लागले’.